पत्रिकेची कन्नड बाजू

श्रीपाद मास्तराचं म्हातारपणी जुळलंय, अशी कुजबूज दोन वर्षांपूर्वी आमच्या शहापुरात उठली. पुरावे भक्कम होते. दर गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून घराबाहेर पडायचा. वाटेत मिठाईवाल्याकडून पावशेर कुंदा बांधून घ्यायचा आणि विणकरांच्या मागाच्या गल्लीत शिरून मालुबाईच्या दारात चपला काढायचा. मालुबाई विधवा, मास्तर विधुर. तिचं वय बासष्ट, त्याचं अडुसष्ट. चपला दारात किती वेळ होत्या, ते समोरच्या घरातून घड्याळ लावून बघितलं जायचं. बहुधा पाऊण तास. एकदा एक तास दहा मिनिटं.

समोरच्या घरातून कोण बघायचं, ते विचारू नका. त्या घरात खुर्ची खिडकीजवळ आहे आणि चहा वेळेवर मिळतो, एवढंच सांगतो.

बाहेर पडताना मास्तराचं तोंड उतरलेलं असायचं. आमच्यातल्या जाणकारांनी त्याचाही अर्थ लावला. बाई अजून हो म्हणत नाही.

आता मास्तर कोण, ते सांगतो. श्रीपाद माझ्याहून तीन वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला अरेतुरेच करतो. शाळेत चित्रकला शिकवायचा. आई धारवाडकडची, वडील इथलेच, त्यामुळे कन्नड आणि मराठी दोन्ही भाषा त्याच्या घरातल्या. निवृत्त झाला, पाठोपाठ बायको बेबी गेली, आणि रिकामं घर खायला उठलं तेव्हा त्यानं पुढच्या खोलीत संगणक मांडून लग्नाच्या कार्यक्रमपत्रिका लिहायला घेतल्या.

लग्नाला या म्हणणारी पत्रिका वेगळी. ही कार्यालयाच्या दारात अक्षतांच्या पुडीबरोबर हातात देतात ती. कुठला विधी किती वाजता आणि कुणाच्या हातून, ते तिच्यात छापलेलं असतं. पूर्वी हे सगळं भटजींच्या आणि घरातल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात असायचं, त्यामुळे भांडणं ऐन वेळी व्हायची. आता छापतात, त्यामुळे आठ दिवस आधी होतात.

कडेला कमळाची वेल काढायची, वर गणपती बसवायचा, हे कुणीही करेल. श्रीपादचा हात शब्दांत. सहा वर्षं तिसऱ्या वर्षालाच बसलेल्या एका नवरदेवाला त्यानं ‘अभियांत्रिकी क्षेत्रात कार्यरत’ करून टाकलं. दुपारपासूनच घ्यायची सवय असलेल्या एका मामाला ‘पाहुण्यांच्या वाहनांची व्यवस्था’ हा मान दिला. मामा खूष, कारण नाव ठळक अक्षरात. घरचे खूष, कारण मामा दिवसभर फाटकाबाहेर. माझ्या पत्रिकेवरून आजवर एकाही मांडवात आवाज चढलेला नाही, असं तो छाती काढून सांगायचा, आणि ते खरं होतं.

त्याच्या नावलौकिकाचं खरं बीज मात्र दुसरंच होतं. आपल्याकडे सीमाभागात पत्रिका दोन बाजूंनी छापतात, एकीकडे मराठी, उलटून बघितलं की कन्नड. खानापूरकडच्या दोन भावांचं, भरमा आणि मष्णूचं, पुतणीच्या लग्नात वाजलं. वरपक्षाच्या स्वागताला पहिलं नाव कुणाचं? भरमा थोरला. पण मष्णू सरकारी बसचा कंडक्टर, पगारदार माणूस. दोघंही श्रीपादकडे वेगवेगळे येऊन दम देऊन गेले. श्रीपादनं काय केलं असेल? मराठी बाजूला भरमा पहिला, कन्नड बाजूला मष्णू पहिला. भरमा मराठी शाळेतला, त्याला कन्नड वाचता येत नव्हतं. मष्णूचं सगळं आयुष्य कन्नड तिकिटांत आणि कन्नड पाट्यांत गेलेलं, तो सरळ मागची बाजूच उघडायचा. दोघांनी आपापली बाजू वाचली, दोघं तृप्त झाले, मांडवात एकमेकांना फेटे बांधले.

तेव्हापासून ही युक्ती त्याच्या अंगवळणी पडली. एक जाऊ मराठीत पुढे, दुसरी कन्नडात. एक व्याही इकडे आधी, दुसरा तिकडे. कुणी पान उलटून दोन्ही बाजू ताडून बघत नाही. आपल्याला आपलं नाव सापडलं की माणूस वाचायचं थांबतो, असं तो मला हसत हसत सांगायचा, आणि मीही हसायचो.

जवळच्या मच्छे गावचा नागोजी त्याच्याकडे आला तो हाच लौकिक ऐकून. नागोजी उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला. त्याच्या मुलीचं, सौम्याचं लग्न निपाणीच्या मुलाशी ठरलेलं. फाउंड्रीतले साहेब आणि त्यांच्या घरची मंडळी कन्नड, म्हणून पत्रिकेला कन्नड बाजू हवी. बाकी सगळं गोत मराठी, निपाणीचे पाहुणेही मराठीच.

सौम्या तीन वर्षांची असताना तिची आई गेली. नागोजीची थोरली बहीण मालुबाई त्याच्या आधीच कपाळ पुसून माहेरी आलेली, मूलबाळ नाही. पोरीला न्हाऊमाखू घातलं तिनं, गोवर आला तेव्हा मांडीवर घेऊन बसली ती, शाळेच्या डब्यापासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत मागं उभी राहिली ती. नागोजीनं सहा वर्षांनी दुसरं लग्न केलं. ही राजाबाईही चांगली, सावत्रपणा तिनं केला नाही. पण सौम्या हाक मारायची ती आत्याला.

नागोजी दोनदा येऊन बसला. दुसऱ्यांदा सगळ्या विधींची नावं ठरली. अक्षता पडल्यावर नवरा-नवरीचं पहिलं औक्षण, ‘सौ. राजाबाई’. विधवेच्या हातचं औक्षण निपाणीकरांना चालेल न चालेल, नको तो वाद, असं त्या बैठकीत ठरलं आणि मालुबाईचं नाव कुठंच आलं नाही. नागोजीनं मराठी बाजू वाचून खाली सही केली. कन्नड त्याला तेवढं वाचता येत नसे. ते तुम्ही बघून घ्या, म्हणाला आणि गेला.

चार दिवसांनी मालुबाई आली. मच्छेहून बसनं, एकटी. खुर्चीच्या कडेवर बसली. भिंतीवरच्या कन्नड दिनदर्शिकेकडे बघून आज संकष्टी आहे म्हणाली. श्रीपादनं विचारलं, कन्नड वाचता येतं काय तुम्हाला? तर म्हणाली, तेवढंच येतं. तिच्या लहानपणी वडील हुक्केरीकडे साखर कारखान्यावर होते, तिथं चौथीपर्यंत कन्नड शाळेत गेलेली. नागोजी जन्मायच्या आधीच बिऱ्हाड मच्छेला परत आलं, तो मराठीत शिकला. मराठी अक्षर तिला लागत नाही.

मग तिनं मुद्द्याला हात घातला. “मास्तर, मी मान मागाय आलेली न्हाई. पर सौम्याच्या लग्नात माझं नाव कुठंतरी येऊ द्या. बारक्या अक्षरात आलं तरी चालंल. जेवणाच्या पंगतीवर देखरेख म्हणून घाला.”

श्रीपाद बघतो म्हणाला. ती गेल्यावर त्यानं संगणक उघडला. समोर कन्नड बाजू होती. ही बाजू कोण वाचणार? फाउंड्रीचे दहा-बारा कन्नड लोक, ज्यांना मालुबाई कोण आणि राजाबाई कोण याचं काही नाही. आणि स्वतः मालुबाई. बाकी कुणी नाही. त्यानं औक्षणाच्या ओळीतलं राजाबाईचं नाव काढलं आणि तिथं ‘श्रीमती मालुबाई’ लिहिलं. कन्नडात सवाष्णीलासुद्धा श्रीमतीच म्हणतात, त्यामुळे कुणाच्या कपाळाकडे कुणी बघायचा प्रश्न नाही. बाई वाचेल, हरखेल, पत्रिका ट्रंकेत जपून ठेवेल. मांडवात माईकवर वाचणार ते मराठी. झालं.

पंगतीवर घातलं असतं तर तिनं पंगतीवर लक्ष ठेवलं असतं आणि गोष्ट तिथंच मिटली असती. पण श्रीपादला लहान युक्तीत गंमत वाटत नसे.

पत्रिका छापून आल्या, त्यातली एक तो मुद्दाम मच्छेला जाऊन तिच्या हातात देऊन आला. घरात दुसरं कुणी नव्हतं. तिनं कन्नड बाजू उघडली, बोट फिरवत फिरवत औक्षणाच्या ओळीवर आली आणि थांबली. दोनदा वाचलं.

“हे म्या कराय पाहिजे?”

“छापलंय न्हवं,” श्रीपाद म्हणाला.

“नागोजीला ठाव हाय?”

“पत्रिका सगळ्यांनी बघितलीय, आक्का.”

त्या क्षणी तिला सांगायला हवं होतं, की हे नुसतं वाचण्यापुरतं आहे. त्याला ते कळत होतं. पण तिच्या तोंडावर जे आलं होतं ते त्याला आणखी थोडा वेळ बघायचं होतं. असं तो स्वतःच म्हणतो. चहा पिऊन तो परत आला.

लग्न माघातलं, दुपारी साडेबाराचा मुहूर्त. मी होतो. लग्नाला मी असतोच, बोलावणं असो नसो, श्रीपादबरोबर गेलं की कुणी विचारत नाही. तिसऱ्या रांगेत बसलो होतो दोघं. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, आणि बघतो तर मालुबाई डाव्या पायऱ्यांनी वर चढतेय. जांभळट शहापुरी लुगडं, हातात तबक, दोन निरांजनं पेटलेली. तबक असं घासलेलं की लांबून डोळ्यांत येत होतं. कुणाला विचारलं नव्हतं तिनं. छापलेलं होतं, विचारायचं काय?

मी श्रीपादकडे बघितलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. तेवढ्यात माईकवरचा माणूस म्हणाला, आता पहिलं औक्षण, सौभाग्यवती राजाबाई. आणि उजव्या पायऱ्यांनी राजाबाई चढली, तिच्याही हातात तबक.

दोघी समोरासमोर. सौम्यानं आत्याला बघून आधीच मान पुढे केली होती.

नवऱ्याची आत्या अक्काताई शेजारीच उभी होती. वाईट बाई नव्हे, पण आवाज मोठा. “तुमचं नाव न्हाई पुकारलं त्यानी,” म्हणाली. मालुबाईनं तबक एका हातावर तोलून कमरेची पत्रिका काढून दाखवली. अक्काताईनं बघितली, ह्यातलं मला काय कळतंय म्हणाली, आणि उलटली. मराठी बाजू तिनं मोठ्यांदा वाचली. पहिलं औक्षण, सौभाग्यवती राजाबाई. पुढच्या रांगेत दोघं-तिघं हसले. म्हातारीनं उलटं धरलं असेल, असं कुणीतरी म्हणालं.

नागोजी धावत वर आला. “आक्का, खाली ये.”

“छापलंय रं,” मालुबाई म्हणाली. हळूच म्हणाली, पण माईक जवळ होता.

नागोजीनं ती पत्रिका ओढून घेतली, कन्नड बाजू बघितली, नावापुरती अक्षरं त्याला लागली असावीत, आणि वरूनच विचारलं, “मास्तर, हे कुणी घातलं?”

सगळा मांडव आमच्या रांगेकडे वळला. श्रीपाद उभा राहिला. आजवर त्याच्या पत्रिकेवरून आवाज चढला नव्हता आणि आता तीनशे माणसं त्याच्याकडे बघत होती. तो म्हणाला, “आक्कांनी येऊन सांगितलं होतं.”

खोटं होतं का? येऊन सांगितलं होतंच. श्रीपादच्या वाक्यांत खोटं कधीच नसायचं, तीच तर त्याची कला.

नागोजीनं बहिणीकडे बघितलं. मालुबाई म्हणाली, “व्हय, मीच सांगितलं. मास्तरांचा काय दोष न्हाई.” आणि उतरली. खाली आल्यावर तिनं निरांजनं पदराच्या वाऱ्यानं विझवली, फुंकर नाही मारली. सौम्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण नवरीच्या डोळ्यांतल्या पाण्याला कुणी कारण विचारत नाही. राजाबाईनं ओवाळलं. मग वाजंत्री सुरू झाली.

श्रीपाद न जेवता गेला. मी जेवलो. त्याच्या वाटणीची जिलेबीही मीच संपवली, हे कबूल करतो. आणि हात धुताना तीन जणांना गोष्ट रंगवून सांगितली, तेही कबूल करतो.

पाठवणीनंतर चौथ्या दिवशी मालुबाईनं भावाचं घर सोडलं. शहापुरात लांबच्या नात्यातल्यांनी एक खोली दिली, माझ्या खिडकीच्या बरोबर समोर. आता लपवण्यात अर्थ नाही. तिथं ती मागवाल्यांना सुताच्या कांड्या भरून देते, दिवसभर चरख्याचा आवाज येतो. नागोजी तिला न्यायला आला नाही. सगळ्या पाहुण्यांत खाली बघायला लावलं, आणि तेही माझ्या पाठीमागं मास्तराला सांगून, असं त्याचं म्हणणं. मालुबाईचं म्हणणं ती कुणाला सांगत नाही, पण सौम्यापाशी एकदा बोलली. जिला पदराखाली वाढवलं तिच्या लग्नात भावानंच माझं नाव खोडलं, मग त्या घरात माझं काय उरलं? सौम्या दिवाळीला येते, सकाळी मच्छेला जाते, दुपारी इथं येते. दोघांना जोडायचा प्रयत्न तिनं केला. दोघंही दुसऱ्यानं आधी बोलावं म्हणून थांबलेत.

श्रीपादचा धंदाही बसला. लोकांनी जुन्या पत्रिका काढून दोन्ही बाजू ताडून बघायला सुरुवात केली. भरमा आणि मष्णूचं पुन्हा बिनसलं. अजून कुणी पत्रिका करायला आलंच तर तो दोन्ही बाजू मोठ्यानं वाचून दाखवतो, एकेक ओळ, घरातल्या सगळ्यांना समोर बसवून. लोक कंटाळतात आणि दुसरीकडे जातात.

आणि गुरुवार सुरू झाले. पहिल्या गुरुवारी तो गेला तेव्हा मालुबाईनं चरखा थांबवून चटई घातली. तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, “मास्तर, माझ्यापायी तुम्हाला चारचौघांत खाली बघाय लागलं. माफी करा मला.” आणि चहा ठेवला. माफी मागणाऱ्या बाईचा चहा नाकारायचा कसा? प्याला तो. पुढच्या गुरुवारी कुंदा घेऊन गेला, की गोड तोंडावर बोलणं सोपं जाईल. तिनं अर्धा कुंदा त्यालाच बशीत दिला. ती पत्रिका तिनं भिंतीला लावलीय, कन्नड बाजू वर करून, देवाच्या फोटोशेजारी. चटईवर बसलं की बरोबर समोर येते.

आम्ही बाहेर काय काय बोलत होतो ते त्याच्या कानावर येत होतं. एकदाही नाही म्हणाला नाही. मला वाटतं, ती कुजबूज त्याला बरी वाटत असावी. खरं कळण्यापेक्षा ती पुष्कळ बरी होती.

गेल्या श्रावणात मी त्याला चहाच्या टपरीवर गाठलं. म्हटलं, काय रे, साखरपुडा कधी? कार्यक्रमपत्रिका मी लिहितो, दोन्ही बाजूंनी. इतकी वर्षं माझ्या प्रत्येक कोटीला उत्तर देणारा माणूस, त्यानं कप खाली ठेवला आणि रडला. टपरीवर, दिवसाढवळ्या. मग सगळं सांगितलं. मी म्हटलं, आत्ता ऊठ, नागोजीकडे जा, तिला जाऊन सांग, अर्धा तास लागेल. तो म्हणाला, या गुरुवारी सांगतो. असे किती गुरुवार झाले ते मी मोजत नाही. मी स्वतः समोरच राहतो, रस्ता ओलांडला की तिचं दार. आयुष्यात कुठली गोष्ट मी पोटात ठेवली नाही, आणि हीच एक ठेवून बसलोय.

हे लिहायला त्याची परवानगी आहे. फक्त मराठीत लिही, म्हणाला.

तर जुळलंबिळलं काही नाही. खरं एवढंच आहे. त्या बैठकीत नागोजीनं विचारलं होतं, औक्षणाला आक्काचं नाव घालावं म्हणतोय, मास्तर, तुम्ही काय म्हणता? श्रीपाद म्हणाला, नको. नागोजीनं बहिणीचं नाव खोडलं नव्हतं. श्रीपाद दर गुरुवारी मालुबाईला हे सांगायला जातो, आणि न सांगता परत येतो.